फाटक थोडं उघडं ठेवा

पानिपतातलं पौषाचं धुकं पाहिल्याशिवाय कळत नाही. सकाळी सातला दारात उभं राहिलं तर समोरचा विजेचा खांब दिसत नाही. जीटी रोडवर ट्रक दिवे लावून बैलगाडीच्या चालीनं सरकतात. अशा धुक्यातून माणसं सायकलीवर, पायी, शेअर रिक्षानं कारखान्यात येतात.

मी मूळचा सोलापूरचा. पोटापाण्यासाठी इकडे आलो आणि ब्लँकेटच्या एका कारखान्यात बरीच वर्षं हजेरी ठेवली. आठला काम सुरू. आठ वाजून दहा मिनिटांनी फाटक बंद. त्यानंतर जो आला, त्याची अर्धी हजेरी कापायची. म्हणजे त्यानं आत यायचं ते दुपारी एकला. मस्टरवर लाल पेनानं कापणारा मीच.

एका सकाळी सव्वाआठला फाटकाबाहेर सहा जण उभे होते. डोक्याला मफलर, पापण्यांवर धुक्याचं पाणी. मी मान हलवली. कुणी काही बोललं नाही. समोर चहाच्या टपरीवर शेकोटी होती, तिथं जाऊन बसले. एक वाजेपर्यंत तिथंच. आत त्यांची कामं पडून.

दुपारी मी हिशेब केला. पंधरा मिनिटांच्या उशिरासाठी आम्ही माणशी पाच तास घालवले होते. सहा माणसांचे तीस तास. मालकाचा तोटा, त्या माणसांच्या मजुरीचाही तोटा. त्यातला एक जण रात्रभर आजारी पोराला घेऊन दवाखान्यात बसला होता आणि तिथूनच सरळ कामावर आला होता. हे मला चार दिवसांनी कळलं. मी विचारलंच नव्हतं.

ती चूक माझी होती. तुमच्या हातून ती होऊ नये म्हणून हे लिहितो आहे. तुमच्याकडे चार माणसं कामाला असतील, किंवा तुमच्या घरातलं कुणी दुसऱ्याकडे कामाला जात असेल. पुष्कळांच्या घरी दोन्ही असतं. तुमचा माग पानिपतात असो, इचलकरंजीत असो की भिवंडीत, गोष्ट तीच आहे.

आधी एक ओळखायला शिका. दमणं वेगळं आणि करपणं वेगळं. दमलेला माणूस रात्रभर झोपला की सकाळी ताजा होतो. करपलेला झोपून उठला तरी दमलेलाच असतो. भात खाली लागायला लागला की आधी वास येतो. तेव्हाच गॅस कमी केला तर वरचा भात वाचतो. माणसाचंही तसंच आहे. वास आधी घरच्यांना येतो.

रविवारी संध्याकाळपासून माणूस गप्प होतो. जेवताना ताटात लक्ष नसतं. पोरांवर उगाच खेकसतो, मग स्वतःच ओशाळतो. जे काम डोळे मिटून यायचं त्यात चुका व्हायला लागतात. ज्या कामाचा अभिमान होता त्याबद्दल 'चाललंय कसंतरी' म्हणतो. पोट बिघडतं, डोकं धरतं, रात्री तीनला जाग येते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली या अवस्थेची नोंद घेतली. तीन खुणा सांगितल्या: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन उडणं आणि हातून काम नीट न होणं. कामाच्या जागी साचलेला ताण बराच काळ न आवरल्यामुळे हे होतं, असं त्यांनी म्हटलं. म्हणून घरात कुणाला असं झालं तर 'तू आळशी झालास' म्हणू नका. आधी त्याचं काम कसं चाललंय ते बघा. तास किती, रजा मिळते का, कधी उठायचं कधी बसायचं हे थोडं तरी त्याच्या हातात आहे का.

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कष्टानं माणूस दमतो. पण आपल्या दिवसावर आपला काडीचाही ताबा नाही, पोरगं तापानं फणफणलं तरी तासभर मिळणार नाही, असं झालं की तो करपायला लागतो. कामाच्या वेळेत थोडी मोकळीक दिली तर पुष्कळ माणसं सावरतात. मी हे पाहिलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं? आम्ही नाही का राबलो?

राबलात. तुमच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण पानिपतात राहणाऱ्या मराठी माणसानं एक गोष्ट विसरू नये. दरवर्षी १४ जानेवारीला काला आंब इथं शौर्य दिनाला आपली माणसं महाराष्ट्रातून येतात, माती कपाळाला लावतात. १७६१ साली त्या दिवशी इथं झालेल्या लढाईत भाऊसाहेबांच्या मराठा फौजेत शौर्याची कमी नव्हती. पण रसद तुटून आठवडेच्या आठवडे गेले होते. माणसं उपाशी, जनावरं उपाशी, वर ही थंडी. पराभवाची कारणं पुष्कळ आहेत, पण उपासमार त्यांतलं मोठं कारण आहे. शूर माणसाचंही शरीर शरीरच असतं.

आणि विश्रांती मागणं हे काही आजकालचं खूळ नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या कापड गिरणीत नोकरी केलेले गृहस्थ. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या काय? रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार वेळेवर. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज तुम्ही रविवारी मटण आणता, दुपारी आडवे होता, त्यामागे त्या माणसांच्या सह्या आहेत. कापडाच्या धंद्यातच हे घडलं, म्हणून कापडाच्या धंद्यातल्या मालकांना मी हे मुद्दाम सांगतो.

तर करायचं काय?

फाटकापासून सुरू करा. आमच्या मालकांना मी तो तीस तासांचा हिशेब कागदावर दाखवला. माणूस हिशेबाचा होता, त्याला पटलं. धुक्याच्या दोन महिन्यांत आम्ही ठरवलं की आठ ते नऊ कधीही या. जितक्या उशिरा याल तितक्या उशिरा जा. मस्टरवर आल्याची वेळ लिहायची, कापायचं काही नाही. पहिल्या आठवड्यात सगळेच नऊला येतील अशी भीती होती. तसं झालं नाही. बहुतेक जण आपल्या जुन्याच वेळेला आले, कारण घरी लवकर जायची ओढ त्यांनाही होती. फक्त ज्याला अडचण होती तो त्या दिवशी उशिरा आला. टपरीवरची शेकोटी तेवढी रिकामी राहिली.

ज्या यंत्रावर एक पाळी सुटल्याशिवाय दुसरी लागत नाही, तिथं हे जमणार नाही. तिथं दुसरा उपाय करा. दोघादोघांना आपसात पाळी बदलू द्या. अट एकच, आदल्या दिवशी सांगायचं. आणि रात्रपाळी संपवून सकाळी गेलेल्या माणसाला त्याच दुपारी पुन्हा बोलवू नका. 'डबल ड्यूटी कर, पैसे देतो' हे शब्द जिभेवर आले तर थांबा. झोप न झालेला हात यंत्रात जातो. बोट गेलेला माणूस मी पाहिला आहे. त्याची भरपाई पैशानं होत नाही.

रजेचं मात्र सविस्तर सांगतो, कारण मालक-कामगारांची सगळ्यांत जास्त भांडणं मी त्यावरूनच पाहिली.

इथल्या कारखान्यांतले पुष्कळ कारागीर बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. त्यांचा मोठा सण छठ. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येतो, कार्तिक शुद्ध षष्ठीला. आणि ब्लँकेटचा हंगाम थंडीच्या तोंडावर, म्हणजे नेमका तेव्हाच. कारागीर रजा मागायचा. मालक म्हणायचे, 'देखेंगे.' 'देखेंगे' म्हणजे नाही, हे सगळ्यांना पाठ. मग माणूस न सांगताच निघून जायचा. खोलीला कुलूप, फोन बंद. माग पंधरा दिवस उभा. काही परत यायचे. काही लाजेनं यायचेच नाहीत, दुसऱ्या कारखान्यात लागायचे. शिकवून तयार केलेला माणूस असा हातचा जायचा.

आपल्याकडे गणपतीला कोकणातला चाकरमानी थांबतो का? नोकरी गेली तरी चालेल, पण तो गावी जाणार. मग छठला जाणाऱ्यावर राग कशाला धरायचा?

आषाढातच विचारा. हंगाम सुरू व्हायच्या आधी एक दिवस सगळ्यांना बसवा, चहा पाजा आणि विचारा, कुणाला कधी जायचंय? कुणाला छठ, कुणाला ईद, कुणाला बहिणीचं लग्न, कुणाला भातकापणी. जोड्या लावा. एक दिवाळीला गेला तर त्याचं काम दुसरा बघेल, तो छठला गेला तर पहिला बघेल. तारखा लिहून भिंतीवर लावा. आणि एकदा लिहिलेली रजा मोडू नका, कितीही मोठी ऑर्डर आली तरी. एकदा मोडलीत की पुढच्या वर्षी कुणी खरं सांगणार नाही.

वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा, हे १९४८च्या कारखाने कायद्यापासून चालत आलं आहे. आठवड्याला ४८ तासांची मर्यादाही त्याच कायद्यात होती. जास्त काम करून घेतलं तर दुप्पट दर. नव्या कामगार संहितेतही ही तिन्ही सूत्रं कायम आहेत. तुमच्याकडे पाचच माणसं असली आणि कायद्याची कलमं तुम्हाला लागत नसली, तरी हे माप हाताशी ठेवा. माप बरं आहे.

आता बायकांचं. पानिपतात परदेशांतून जुन्या कपड्यांच्या गासड्या येतात. त्यांतले लोकरीचे कपडे फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात. त्याआधी प्रत्येक स्वेटरची बटणं, चेन, लेबल काढावी लागतात. हे काम बायका करतात, जमिनीवर बसून, समोर विळी. दिवसभर तेच. हवेत लोकरीची धूळ. घरी जाऊन पुन्हा चूल आहेच.

या कामाला पाळीची सक्ती कशाला हवी? पोरांना शाळेत सोडून नऊला येऊ द्या, शाळा सुटायच्या वेळी जाऊ द्या. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी जास्त करतील. दुपारी अर्धा तास पाठ टेकायला स्वच्छ कोपरा द्या. पाट नाहीतर बुटकं स्टूल द्या. हे काही उपकार नाहीत. पाठ धरलेली बाई दुपारनंतर निम्मं काम करते, हे तुम्हालाही दिसतं.

दुकानदारांनीही ऐकावं. जीटी रोडवर ब्लँकेट-चादरींची दुकानं आहेत. त्यांत विक्रेती पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असतात. गिऱ्हाईक नसलं तरी उभी. केरळनं २०१८ साली आणि तमिळनाडूनं २०२१ साली दुकानातल्या नोकरांना बसायला मिळालं पाहिजे असा कायदा केला. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? गल्ल्यामागे दोन स्टुलं ठेवा. गिऱ्हाईक आलं की पोरं आपणहून उठतील.

आता घरात येऊ या.

दिल्ली इथून नव्वदेक किलोमीटर. रोज गाडीनं दिल्लीला, पुढं गुरुग्रामला जाणारी मुलं-सुना इथं घरोघरी आहेत. पहाटे पाचला उठायचं, रात्री नऊला परतायचं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांनी साहेबाकडे मोकळीक मागावी म्हणून तुम्ही बळ द्या. कशी मागायची तेही सांगतो.

'मला जमत नाही, काहीतरी करा' असं म्हणू नये. मागणी नेमकी असावी. 'मंगळवार आणि गुरुवार मी घरून काम करते. त्या दिवशीची अमुक कामं संध्याकाळी सहाला तुमच्याकडे येतील. सोमवारची बैठक मी चुकवणार नाही. महिनाभर करून बघू या. कुठं अडलं तर थांबवू.' एवढंच. महिना ठरवला की साहेबालाही होकार देणं सोपं जातं. बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठवाव्यात. तोंडी ठरलेलं साहेब बदलला की विसरलं जातं.

बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या मुलीला तर हे कायद्यानंही मागता येतं. २०१७च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. रजा संपल्यावर, काम घरून करण्यासारखं असेल, तर मालकाशी बोलून घरून करता येतं. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता आलं पाहिजे. मुली हे मागायला लाजतात. तुम्ही लाजू नका, त्यांना सांगा.

आणि सासूबाई, सासरेबुवा, तुम्हाला हात जोडून एक विनंती. सून घरून काम करते म्हणजे ती घरी मोकळी आहे असं नाही. सिलिंडरवाला आला, बेल वाजली, पाहुण्यांना चहा हवा, हे सगळं तिच्या अंगावर पडलं तर तिची दमछाक दुप्पट होईल. मग तीच म्हणेल, यापेक्षा गाडी बरी. तिला दार लागणारी खोली द्या. खोली नसेल तर एक कोपरा आणि एक टेबल. तेवढे तास दार तुम्ही उघडा. संध्याकाळी सहाला लॅपटॉप मिटला की मग तिला हाक मारा. आणि मुलानंही उठून कुकर लावावा, तोही त्याच घरात जेवतो.

फोनचंही ठरवून टाका. रात्री साडेदहाला साहेबाचा मेसेज आला की जेवलेलं पचत नाही. काम सुटल्यानंतर फोन न उचलण्याचा हक्क असावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. तो कायदा झाला नाही. पण तुम्ही स्वतः साहेब असाल तर तुमच्यापुरता तो आजपासून करता येईल. रात्री काही सुचलं तर कागदावर लिहून ठेवा, सकाळी नऊला पाठवा. खरंच आग लागली असेल तर फोन करा. बाकी सगळं सकाळपर्यंत थांबतं.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. मोकळिकीच्या नावाखाली तास वाढवणारे लोक आहेत. 'कधीही या' म्हणतात आणि 'कधीही जा' कधीच म्हणत नाहीत. म्हणून तास लिहून ठेवा. साधी वही पुरे, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. महिनाअखेर बेरीज करा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. तुमच्या वहीतली बेरीज पंचावन्नच्या पुढं जात असेल तर घरात बसून बोला. कुठला खर्च थोपवता येईल, कुठला हप्ता पुढं ढकलता येईल ते बघा.

पीस रेटवर काम करणाऱ्याचं दुखणं याहून अवघड आहे. त्याला कुणी 'अमुक वाजता ये' म्हणत नाही. वरून बघितलं तर तो अगदी मोकळा. पण नगाला दरच इतका कमी की बारा तास मारल्याशिवाय खोलीभाडं निघत नाही. अशा माणसाला मोकळीक द्यायची तर दर वाढवावा लागेल. दुसरा मार्ग मला दिसत नाही आणि गोड बोलून तो लपवायचाही नाही.

एवढं करूनही घरातला माणूस सावरत नसेल, झोप येत नसेल, रडू फुटत असेल, 'जगून काय करू' असं काही तोंडून निघालं असेल, तर थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस नावाची सेवा आहे, १४४१६ हा नंबर. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. नंबर फ्रिजवर लिहून लावा. मानसोपचार म्हणजे वेड, हे डोक्यातून काढा. पाय मुरगळला तर आपण हाडाच्या डॉक्टरकडे जातोच ना.

आमच्या घरी अजून सोलापूरहून कालनिर्णय येतं. नवं आलं की मी कार्तिकाचं पान उघडतो, शुद्ध षष्ठी शोधतो आणि तिथं पेन्सिलीनं 'छठ' लिहितो. कारखाना सोडून काही वर्षं झाली, पण हात तिकडे जातो. तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर आज खाली काढा. तुमच्याकडे कामाला असलेल्यांची नावं आठवा. कुणाला कधी घरी जायचंय हे त्यांना विचारा आणि त्यांच्यासमोरच लिहा.